कडेवर कोरलेलं नाव

माधव गेल्याचं मला इतवारी बाजारातल्या माझ्या दुकानात, एका गिऱ्हाइकाकडून कळलं. चाळीस वर्षांची मैत्री, आणि बातमी अशी तिऱ्हाइताकडून... कारण गेली दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो.

माधव कापडगिरणीत मागांचा फिटर होता. माग विलायती, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कंपन्यांचे. तेव्हा तिकडे यंत्रांची मोठमोठी प्रदर्शनं भरत, उत्तम यंत्राला पदक मिळे, आणि कंपनी त्या पदकाचा ठसा यंत्राच्या लोखंडी अंगावर उठवून मिरवी. तेलकट फडक्यानं ते ठसे पुसता पुसता माधवला खऱ्या पदकांचा नाद लागला. गिरणी बंद पडल्यावर तर तोच उद्योग झाला. पण पदक हातात आलं की आधी संशय. भिंगाखाली कड तपासायची, टिचकी मारून आवाज ऐकायचा. "न मिळालेलं पदकही छापत गा ह्या कंपन्या," म्हणायचा.

माझं भांड्यांचं दुकान. एकदा मोडीच्या पितळेत काळपट कांस्याचं एक पदक निघालं. एका बाजूला राणीचा चेहरा, आणि कडेवर कोरलेलं नाव माधवच्याच मागांच्या कंपनीचं. मी ते तसंच त्याच्या घरी नेऊन त्याला दिलं. भिंग बाजूला ठेवून त्यानं कडेवरच्या नावावरून बोट फिरवलं. डोळे भरले होते. "काहून गा, एवढे दिवस कुठं होतं हे?" एवढंच म्हणाला. त्यानं संशय न घेतलेलं माझ्या माहितीतलं ते एकच पदक.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "परवा येऊन तू पदक बदललं. असली कोणाले विकलं?" मी धावत गेलो. पदक खरंच निराळं दिसत होतं, पिवळंधमक. "अक्षरंही बोथट आहेत," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मी उठलो आणि पुन्हा त्या घरी गेलो नाही.

तेरावं झाल्यावर गेलो. त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, मला आत घेऊन दार लोटलं. "भाऊजी, ते पदक मीच घासलं होतं. चिंच-मिठानं. मी दिवाळीची भांडी घासून राहिली होती, वाटलं हेही चमकवावं... मग त्यायचा राग पाहून सांगाची हिंमतच नाही झाली."

"शेवटपर्यंत?"

"नाही. जायच्या पंधरा दिवस आधी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते तुमच्या दुकानाकडे गेले."

मला तो दिवस आठवला. समोरच्या हातगाड्यांच्या आड माधव उभा होता. मला वाटलं, पाळत ठेवून आहे, माझ्या मोडीत आणखी काय निघतं ते पाहायला आलाय. मी तोंड फिरवून मागच्या गोदामात गेलो आणि तो निघून जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

"वहिनी, मी पाहिलं होतं त्याले."

"मले माहीत आहे. घरी येऊन म्हणाले, तो मले पाहून आत गेला, बरोबरच आहे त्याचं. उद्या पुन्हा जातो. आणि दुसऱ्या दिवशी तर दवाखान्यातच न्यावं लागलं..."

निघताना दाराशी त्याच्या चपला दिसल्या. टाचेला एका बाजूनं झिजलेल्या, तोंड रस्त्याकडे. वहिनींनी अजून हलवल्या नव्हत्या.