भोईवाडा ते गिरगाव, मुक्ताच्या मागे

साल २०२२. माझं वय त्र्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत, पण मुंबईत मला कुणी वाट दाखवावी लागत नाही.

माझी सोळा वर्षांची नात मुक्ता जन्मापासून बहिरी. एका लग्नात ती हातवारे करून मैत्रिणीशी बोलत होती. मी तिचे हात खाली दाबले. म्हटलं, लोक बघतायत. दुसऱ्या दिवशी ती घर सोडून गेली. संध्याकाळी मुलाच्या फोनवर तिचा निरोप आला: मैत्रिणीकडे आहे, येऊ नका.

"आबा, राग शांत होऊ दे तिचा," मुलगा म्हणाला. मी सकाळीच चपला घातल्या.

भोईवाड्यातून चालत हिंदमाता. तिथे साड्यांना फॉल-बिडिंग करणाऱ्या बाईंकडे मुक्ता शिवण शिकते. बाईंनी मशीन थांबवलं नाही.

"तिच्या मैत्रिणीचा गिरगावचा पत्ता देते. तुम्हीच ना हात दाबणारे?"

"कोणी सांगितलं?"

"तिनंच करून दाखवलं. तुमच्या मिशांसकट."

बसमध्ये कुणाला विचारायचं नाही म्हणून विचारलं नाही, आणि दोन स्टॉप आधीच उतरलो. उन्हात चालून गिरगाव गाठलं. एक ग्लास पियुष (श्रीखंडाचं पातळ पेय) घेतलं, मिशी पुसली आणि चाळीचा जिना चढलो.

गॅलरीत मुक्ता आणि मैत्रीण बोलत होत्या. हात मागावरच्या धोट्यासारखे इकडून तिकडे पळत होते. मला पाहिलं आणि मुक्तानं डोळे मिटले. तिनं डोळे मिटले की बोलणं संपलं.

मी उभाच राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं एक डोळा किलकिला केला. मी मिशीला पीळ दिला, स्वतःकडे बोट केलं आणि मान खाली घातली.

मैत्रिणीची आई मध्ये बसून मुक्ताचं बोलणं मला आणि माझं तिला सांगू लागली. "विचारतेय, ही कुठली खूण?"

"गिरणीतली. साचाखात्यात (कापड विणायच्या विभागात) आवाजानं काही ऐकू यायचं नाही. मिशीला पीळ म्हणजे जॉबर आला, आमचा मुकादम. पंधरा वर्षं आम्ही हातांनीच बोललो."

मुक्ताचे हात झरझर चालले. आई म्हणाली, "मग माझेच हात का दाबलेत, विचारतेय."

"लाज वाटली मला," मी म्हणालो. "चूक माझी."

"येते म्हणते. पण तुमच्या चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांसमोर तिच्याशी हातांनी बोलायचं. नाहीतर ती परत इथे."

"सांगा तिला, उद्याच."

परतीच्या बसमध्ये तिनं पिशवी मला धरू दिली नाही. मी खिडकीतून बंद गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर बघत होतो. गिरणी कायमची सुटली तेव्हा डबा घरी आणला, चप्पल आणली. ती बोली मात्र तिथेच टाकून आलो होतो. घरात तिची गरज होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची वेळ, गॅलरी भरलेली. मुक्ता पार टोकाला. मी हात उंच करून गिरणीतली चहाची खूण केली.

"आबा, माश्या हाकलताय?" शेजारचा म्हणाला.

"नातीशी बोलतोय. बाजूला हो."

मुक्तानं मान हलवली. चूक. तिची चहाची खूण वेगळी होती. ती तिनं सावकाश करून दाखवली. मी बादली खाली ठेवली आणि तसाच हात केला.