तीन नंबरचं गेट

सदानंद मयेकर त्या मैदानावर पहिल्यांदा आला तेव्हा तिथे बैल झुंजायचे. अमिरातीत, खोर फक्कान गावाच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी नुसती रेती होती. शुक्रवारी दुपारी लोक गाड्या गोल लावायचे, की झालं रिंगण. सदानंदचं काम बैलाचा दोर धरायचं. तिसऱ्याच आठवड्यात दोर तुटला. बैलाने त्याला मांडीत शिंग घालून उचललं आणि एका पिकअपच्या बॉनेटवर आपटलं. एकवीस टाके पडले.

पुढे बैल गेले, तंबू आले. खजूर, मध, अत्तरांची प्रदर्शनं भरू लागली. एका वादळात मोठा तंबू उडाला आणि त्याच्या खांबाखाली एक पठाण सुतार चिरडला. मग पक्का हॉल झाला, पाठोपाठ दुसरा, आणि शेवटी पाच हजार खुर्च्यांचं अरिना. प्रत्येकाचे नटबोल्ट सदानंदने आवळले होते. देवगडहून आलेला तो पोरगा आता पंचेचाळिशीचा फोरमन होता.

त्याच्या खोलीत राजापूरचा हनीफ सोलकर राहायचा, अरिनाचा गार्ड. अकरा वर्षं दोघांनी एकाच पातेल्यात कालवण केलं होतं.

गेल्या मार्चमध्ये अरिनात पिंजऱ्यातल्या कुस्त्या ठेवल्या. खेळ दुपारी चारचा. बिनतिकिटाचे लोक घुसतात म्हणून मॅनेजर राजनने तीन नंबरच्या गेटला बाहेरून साखळी घालायला लावली आणि किल्ली हनीफकडे दिली.

चौथ्या कुस्तीत पंचाने निकाल फिरवला. एक खुर्ची उडाली, मग पन्नास. दोन्ही बाजूंचे पाठीराखे एकमेकांवर तुटून पडले. कुणाचं डोकं फुटलं, कुणी रेलिंगवरून खाली कोसळला. घाबरलेली गर्दी तीन नंबरकडे वळली.

सदानंद बाहेर जनरेटरपाशी होता. ओरडणं ऐकून तो धावत आला. गेटच्या जाळीला आतून चेहरे चेपले होते. एका बाईचे ओठ निळे पडत चालले होते.

"हनीफभाय, किल्ली दे!"

"राजनसाहेब नाय म्हणालेत. आत्ताच वॉकीटॉकीवर बोललेत, कुणीपण आलं तरी उघडायचं नाय."

"अरे, मरतायत माणसं!"

"नोकरी जाईल सदा. दोन मिनिटं थांब, मी परत विचारतो."

हनीफने पाठ गेटला लावली आणि वॉकीटॉकी तोंडाशी नेला. सदानंदच्या हातात मोठा पाना होता. त्याने तो फिरवला. जबडा मोडल्याचा आवाज त्याला एवढ्या गोंगाटातही ऐकू आला. हनीफ खाली बसला, त्याच्या तोंडातून रक्त आणि दात एकदमच पडले. सदानंदने त्याच्या पट्ट्याची किल्ली ओढली, कुलूप काढलं, आणि हनीफला काखेत धरून बाजूला फरफटवलं. दार उघडताच माणसं एकावर एक कोसळत बाहेर आली. ती बाई खोकली, जगली. दोघे जगले नाहीत.

पोलिसांनी सदानंदला नेलं. राजनने लिहून दिलं, "साखळीची ऑर्डर मी दिलीच नव्हती. हा माणूस दारू प्यायला होता, त्याने गार्डवर हल्ला केला." सदानंद पाच दिवस कोठडीत होता. मी मारलं, एवढंच तो प्रत्येकाला सांगत होता.

सहाव्या दिवशी हनीफने इस्पितळातून जबाब दिला. जबडा तारांनी बांधलेला, म्हणून त्याने लिहून दिला: ऑर्डर राजनसाहेबांची होती. किल्ली माझ्याकडे होती. मी दिली नाही. वॉकीटॉकीचं रेकॉर्डिंगही सापडलं. राजनला अटक झाली. हनीफने तक्रार करायला नकार दिला, तेव्हा सदानंद सुटला.

तो कोठडीतून थेट इस्पितळात गेला. हनीफचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला होता.

"हनीफभाय, माझा हात झडायला हवा होता," सदानंद म्हणाला आणि खाटेच्या कडेला बसून रडला.

हनीफने मोबाईल घेतला, हळूहळू टाईप केलं आणि स्क्रीन त्याच्यापुढे धरली. 'मारलंस ते बरोबर. पण अजून एकदा मागायची होतीस. मी देणार होतो.'

सदानंदने ते दोनदा वाचलं. हनीफ खरंच देणार होता का, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही. नर्सने ठेवलेलं सूप गार होत होतं. त्याने ते ढवळलं, नळी हनीफच्या ओठांना लावली आणि वाटी रिकामी होईपर्यंत धरून ठेवली.