नटाची उजवी

मुलुंडच्या त्या नाट्यगृहात निलेशने आजवर कितीतरी व्हिडिओ वॉल उभ्या केल्या होत्या. पण आजचा थाट काही औरच! एक पॅनल बसवायचं, बोटाने सांधा चाचपायचा, सैल करायचं, पुन्हा आवळायचं. आज त्या भिंतीवर बाबांचा राजवाडा उभा राहणार होता.

बाबा म्हणजे दत्ताराम. गिरणी बंद पडल्यावर ते हौशी नाटकवाल्यांचे पडदे रंगवू लागले. राजवाड्याचा पडदा त्यातला सर्वांत देखणा. पुढे तो कुजला, दत्तारामही गेले. उरला पडद्याचा एक फोटो, तोही रत्नप्रभाबाईंनी जपलेला. त्या पडद्यापुढे बाईंनी राणी गाजवली होती. नाट्यमंडळाच्या वर्धापनदिनी तोच प्रवेश पुन्हा करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी निलेशला फोन केला, "बापाचा पडदा मुलानेच उघडायचा रे!"

आणि पहिल्या रांगेत आई बसणार होती. नाहूरच्या शेजारणींना वनमालाबाई सांगत, "झील टीव्ही लावता." मुलाचं काम त्यांना एवढंच ठाऊक.

निलेश भिंतीमागे वायरी जोडत होता. त्याच्यासोबत काम करणारी मानसी समोर खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसली होती.

"पॅनलची सुरुवात कुठून रे?"

"उजवीकडून!"

तिने लॅपटॉपवर क्रम तसा मांडून चित्र सोडलं. राजवाडा आला खरा, पण पायऱ्या भलत्याच टोकाला, दरवाजा दुभंगलेला! नेमकी तेव्हाच आई आत आली.

"अगो बाय माझे! ह्यांच्या वाड्याची वाट कोणी लावली?"

निलेश धावत पुढे आला. "मानसी, उजवीकडून सांगितलं ना?"

"मग ही काय डावी?" तिने उजवा हात उंचावला. रंगमंचावरून त्यानेही उजवा हात दाखवला. दोन हात, दोन टोकांना!

"आपल्या धंद्यात डावं-उजवं समोरून मोजायचं, हे तूच शिकवलंस ना, यार?"

विंगेतून अर्ध्या मेकअपमध्ये रत्नप्रभाबाई आल्या आणि खो खो हसल्या. "अगं, ही नटाची उजवी, प्रेक्षकांकडे तोंड करून मोजलेली! दत्ताराम अशीच सांगायचा. हा पोरगा तेव्हा विंगेतच वाढला. आज बापाचीच भाषा तोंडात आली, काय करील बिचारा!"

निलेश ओशाळून हसला. त्याचे डोळे मात्र भरून आले होते.

वायरींना हात लावावाच लागला नाही. मानसीने लॅपटॉपवर क्रम उलटा केला आणि राजवाड्याचे खांब मुकाट आपापल्या जागी गेले.

"चित्रात खाली पडद्याची एक शिवण दिसतेय. कापू का?" तिने विचारलं.

तोवर आई भिंतीजवळ पोचली होती. दोन कापडं जोडून तो पडदा तिनेच शिवला होता. हातभर मोठे झालेले आपले टाके ती बघत राहिली. मग पॅनलवरून नजर फिरवत म्हणाली, "ही पण जोडलेलीच?"

"होय गो. तुकड्यांनी."

"तुझे सांधे दिसनत नाय रे. माझे मातर दिसतत."

"दिसांदेत," निलेश म्हणाला. मानसीला त्याने हातानेच 'नको' अशी खूण केली आणि तो भिंतीमागे, नटाच्या उजव्या बाजूला, जाऊन उभा राहिला.