सुनावणीला आमची संघटना म्हणजे मी एकटाच

मित्रांनो, आज जळगावात वीजदरवाढीची सुनावणी होती. शिंदखेड्याहून आमची ग्राहक संघटना जाणार होती, पण सकाळी स्टँडवर मी एकटाच. अध्यक्ष नानांना फोन केला, तर म्हणाले, "तूच जाय भाऊ, आमनी मजुरी बुडस."

सुनावणीत संघटनेचं नाव पुकारल्यावर उभा राहिलो. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "संघटना कुठे आहे?"

"मजुरीला गेली, साहेब."

सगळे हसले, वीज कंपनीचे वकीलही. मी घाबरतच म्हणालो, "या वकिलांची फी आमच्या बिलातून निघते. आमचं बसभाडं आणि बुडालेली मजुरीही त्यातूनच द्या, मग सगळे येतील."

"तशी तरतूद नाही," साहेब म्हणाले.

आता परतीच्या बसमध्ये लिहितोय. मी बरोबर बोललो का, हे विचारायला शेजारी कुणी नाही. तुम्हीच सांगा.