डाव्या पायाचा दोरा

धुळ्याला बहिणीकडे गेले असताना तिच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. पाळी गेल्यापासून अंगातून वाफा निघायच्या, जीव नकोसा झाला होता. पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या लिहिण्याआधी बाईंनी सगळं विचारलं, हे आधीच सांगते. स्तनात गाठ? झटका? लिव्हरचा त्रास? कधी पायात रक्ताची गाठ? मी ठणकावून नाही म्हणाले. जशी काही परीक्षेत पहिली येणार होते!

डाव्या घोट्यावरचा काळा दोरा साडीखाली होता. पंचवीस वर्षांपूर्वी, लेकीच्या वेळी बाळंतीण असताना सासूबाईंनी तो बांधला. तो एकच पाय मांडीपर्यंत सुजला होता, त्यावर कोणीतरी बसून असल्यासारखा जड. सासूबाईंची धाकटी जाऊ मेल्यावर हडळ झाली आणि घरातल्या बाळंतिणींचे पाय धरते, असं आमच्या धरणगावात सगळे मानत. पुढे सूज उतरली. आता हडळीला कोणी आजार म्हणतं का? मग डॉक्टरला ती कशाला सांगायची?

गोळ्यांनी वाफा थांबल्या. मी खुशीत होते. तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी मेथी निवडताना घोट्याला काहीतरी चावलं. इतकी वर्षं सैल असलेला दोरा कातडीत रुतला होता. तोच पाय, आणि त्यावर तेच बसलेलं कोणीतरी. मागे वळून पाहिलं. दारात मांजरसुद्धा नव्हतं.

सासूबाईंनी पाय पाहून आवाज खाली आणला. "तिनीच धरेल शे. परत उनी." हडळ परत आली म्हणून ती उतरवायला त्या लिंबू आणायला उठल्या. आणि मी, शिकली-सवरलेली बाई, पाय पसरून वाट बघत बसले. लेक आली, आम्हा दोघींवर ओरडली आणि मला गाडीत घालून जळगावला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरांनी कात्रीने दोरा कापला. सोनोग्राफीत रक्ताची गाठ दिसली. आधी असं झालं होतं का, विचारल्यावर मी हडळीसकट सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाळंतपणातलीही गाठच असणार. ती फुप्फुसात गेली असती तर खेळ खलास होता. ती आधीची गाठ कळली असती तर या गोळ्या तुम्हाला कोणी दिल्याच नसत्या."

सासूबाई भेटायला आल्या तेव्हा मी विचारलं, "तुमची जाऊ गेली कशाने?"

"बाळंतीण व्हती. एक पाय सुजना, मंग दम लागना, नि गयी. एकोणीसनी व्हती."

मला रडू कोसळलं. पंचवीस वर्षं जिला मी शिव्या घातल्या, ती माझ्याच आजाराने गेलेली, माझ्या लेकीपेक्षाही लहान पोर होती.