अँटिव्हायरस आणि दारातल्या चपला

आमच्या शिरूरच्या घरी कॉम्प्युटर आला, त्या दिवशी बायकोने सगळ्यात आधी उंबऱ्याबाहेर गोणपाट अंथरलं आणि दाराशेजारी कागद चिकटवला : ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात.’ कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असं त्या काळी सगळेच मानत. मी रांजणगावला ज्या कारखान्यात अकाउंट्सला होतो, तिथेही कॉम्प्युटरच्या खोलीत मॅनेजरसकट सगळे मोज्यांवर वावरायचे. आमच्या स्टोअरकीपरचे मोजे फाटके होते, त्यामुळे तो दारातूनच हाका मारून काम उरकायचा.

आम्ही बौद्ध. घर विहाराच्या गल्लीत. बाहेरची माणसं गल्लीत येत नसत असं नाही. मतं मागायला येत, कामाला माणूस बघायला येत. पण बोलणं दारातून व्हायचं. पाणी विचारलं तर ‘आत्ताच प्यालो’ म्हणायचे. कॉम्प्युटर आला आणि हीच माणसं चपला काढून आत येऊ लागली. देवळाबाहेर काढतात तशा, ओळीने. बायको दौंडची, टायपिंगच्या परीक्षा झालेली, त्यावर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शाळांच्या प्रश्नपत्रिका ती जुळवून द्यायची. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून मी घरी आलो की कामाचं ती नंतर सांगायची. आधी म्हणायची, “अहो, आज दारात पाय ठेवायला जागा नव्हती. नुसत्या चपलाच चपला.”

छपाई दौंडला व्हायची. तिच्या माहेरच्या शेजारी एका मुसलमान कुटुंबाचा जुना छापखाना होता. मालकांना ती लहानपणापासून चाचा म्हणायची. तयार मजकूर फ्लॉपीवर घालायचा, फ्लॉपी पाकिटात, आणि पाकीट दौंडच्या एसटीच्या कंडक्टरकडे. चाचा स्टँडवर माणूस पाठवून ते घ्यायचे आणि छापील गठ्ठा परतीच्या गाडीने पाठवायचे.

तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एका शाळेचे हेडक्लार्क. सभ्य माणूस, शुद्धलेखनाला कडक. पेपर तपासायला स्वतः येऊन बसायचे. चहाला मात्र नेहमी नाही म्हणायचे. ॲसिडिटी आहे म्हणायचे. एकदा सहामाहीच्या पेपरात डोकं घालून बसले असताना तिने सवयीने कप समोर ठेवला, आणि त्यांनी तो उचलून संपवला. मी घरी आलो तेव्हा तो कप टेबलावर तसाच होता. तिने विसळला नव्हता. मला दाखवायला ठेवला होता.

“सगळा प्यायले,” ती म्हणाली. एवढंच.

त्याच सुमाराला कारखान्यात व्हायरस शिरला. कुणाच्या तरी फ्लॉपीतून आला आणि एकेक मशिन बसायला लागलं. मॅनेजरांनी अँटिव्हायरस निवडायचं काम माझ्यावर टाकलं. म्हणाले, “तुम्ही भाजीसुद्धा दोनदा तोलून घेता, तुम्हीच बघा.” मी तीन कंपन्यांच्या चाचणीच्या प्रती मागवल्या, दोन परदेशी आणि एक पुण्यात तयार होणारी. बाजूला काढलेल्या एका मशिनवर बाधित फ्लॉप्या घालून तिन्ही तपासल्या. कोण किती पकडतो, किती वेळ घेतो, बाधित फाइल दुरुस्त करतो की सरळ पुसून टाकतो, नव्या व्हायरसची माहिती किती दिवसांनी आणि कशी मिळते, बिघडलं तर फोन कोण उचलतो, असे रकाने केले. स्टोअरकीपर दारातून बघत होता.

“साहेब, सर्दी झालेल्या मान्सानं मशिनला हात लावला तर?”

“काही होत नाही.”

“मंग तुमी तोंडाला रुमाल का बांधलाय?”

मला खरंच सर्दी झाली होती. सगळे हसले. मीही हसलो. व्हायरस हातातून जात नाही, हे मी त्या दिवशी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं.

घरच्या मशिनसाठी गणित वेगळं होतं. मेमरी कमी, इंटरनेट नाही. एक परदेशी प्रोग्राम चालू ठेवला की पान हलायला पाच मिनिटं लागायची. दुसरा त्याहून मजेशीर. मराठी अक्षरं उमटवणारा जो छोटा प्रोग्राम होता, त्याच्यावरच तो संशय घ्यायचा. दर वेळी लाल खिडकी उघडून विचारायचा, हे काढून टाकू का? बायको म्हणाली, “याला मराठीचंच वावडं दिसतंय.” घरी काय बसवायचं ते ठरायचं राहिलं होतं, तेवढ्यात ते झालं.

शाळेच्या ऑफिसातल्या फायली उघडेनाशा झाल्या. हेडक्लार्क सकाळीच आले. मी निघायच्या तयारीत होतो. ते उंबऱ्याबाहेर गोणपाटावर चपलांसकट उभे राहिले.

“बाई, तुमच्याकडनं काहीतरी आलंय.”

“माझ्याकडून? काय आलंय, सर?”

“ते तुम्ही बघा. आमच्याकडं बाहेरचं काही येतच नाही.”

“आत या ना. मशिन लावून दाखवते.”

“नको. गडबडीत आहे.”

ते गेले. मी त्या दिवशी कंपनीची बस सोडली.

शाळेने दिलेली मूळ फ्लॉपी आमच्या ड्रॉवरमध्ये होती. बायकोची पद्धत अशी की गिऱ्हाइकाची फ्लॉपी हातात आली की तिच्या कोपऱ्यातली बारीक खिट्टी सरकवायची. मग त्या फ्लॉपीवर काहीही नवं उतरू शकत नाही. शिवाय शाळेच्या मशिनमधला मराठी फाँट आणि आमचा फाँट जुळत नसे, त्यामुळे ती त्यांची फाइल उघडायचीच नाही. सोबतच्या कागदावरून सगळं पुन्हा टाइप करायची आणि काम झालं की त्यांच्या दप्तरासाठी एक प्रत नव्या फ्लॉपीवर घालून द्यायची. मी मूळ फ्लॉपी तिन्ही अँटिव्हायरसनी तपासली. तिघांनीही तोच व्हायरस दाखवला, शाळेच्या एका फाइलमध्ये, आणि फाइलवरची तारीख ती आमच्याकडे येण्याआधीची. मग आमचं मशिन तपासलं. स्वच्छ. तिच्या सगळ्या फ्लॉप्या तपासल्या. स्वच्छ. दौंडला फोन करून चाचांना विचारलं. त्यांच्याकडेही काही नव्हतं.

तो सगळा पुरावा घेऊन मी शाळेत गेलो. हेडक्लार्कांनी माझे कागद शांतपणे वाचले. ते वाचणारे होते, नुसते चाळणारे नव्हते.

“तारखेचं काय सांगता? तारीख मशिनमध्ये हवी ती घालता येते.”

हे खरं होतं. हिशेबाच्या माणसाला खऱ्या गोष्टीपुढे बोलता येत नाही. मी कागद गोळा करून घरी आलो.

शाळेने काम बंद केलं नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या खेपेला त्यांचा शिपाई आला. फ्लॉपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली होती. सुट्टीचा दिवस, म्हणून मी घरीच होतो. बायकोने खिडकीतून हात पुढे केला. शिपायाने त्या हाताकडे पाहिलं आणि पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

“हितं ठिवतो, ताई. तशीच ठिवायला सांगितलंय.”

तो गेल्यावर तिने कट्ट्याकडे बघत विचारलं,

“अहो, व्हायरस हातातून जातो का?”

“नाही.”

“मग खाली का ठेवली?”

कारखान्यात अख्ख्या ऑफिसला समजावून सांगणारा मी, कट्ट्यावरची पिशवी उचलून तिची गाठ सोडायला लागलो. उत्तर दोघांनाही माहीत होतं. ते घरात उच्चारायचं नव्हतं, इतकंच.

हळूहळू बाकीची गिऱ्हाइकंही कट्ट्यावर आली. लग्नपत्रिकेचा मजकूर कट्ट्यावर, फ्लॉपी कट्ट्यावर, तयार नमुनाही कट्ट्यावरून उचलायचा. कुणी वाईट बोललं नाही. सगळे व्हायरसचंच बोलत. ‘त्या गल्लीतली फ्लॉपी घातली की मशिन बसतंय’ असं बाजारात बोललं जातं, हे आमच्याच शेजाऱ्याने येऊन सांगितलं. दारातलं गोणपाट रिकामं राहू लागलं. तरी ती रोज सकाळी ते झटकून पुन्हा अंथरायची.

मी माझ्या परीने उपाय शोधला. कारखान्यासाठी परदेशी अँटिव्हायरस निवडला, कारण तिथली मशिन दमदार होती आणि त्याने सगळ्यात जास्त पकडले होते. घरासाठी मी रकान्यांत एक नवा रकाना वाढवला : तपासणीचा अहवाल छापून देतो का? पुण्याचा प्रोग्राम देत होता. तारीख, वेळ, किती फायली तपासल्या, बाधित शून्य. तोच घेतला. बायकोला म्हणालो, “प्रत्येक फ्लॉपीबरोबर हा कागद जोडून द्यायचा. मग कोण काय बोलेल?” मला ते फार बिनचूक वाटलं होतं.

तिने जोडला. रोज, प्रत्येक फ्लॉपीला, टाचणीने. कट्ट्यावरून फ्लॉपी जायची आणि कागद बऱ्याचदा कट्ट्यावरच राहायचा.

दौंडच्या पाकिटातही एक कागद गेला. दोन दिवसांनी छापील गठ्ठ्याबरोबर तो परत आला आणि संध्याकाळी चाचांचा फोन. मी उचलला.

“जावईबापू, ही कसली चिठ्ठी लावलीया फ्लापीला?”

“तपासणीची, चाचा. व्हायरस नाही म्हणून.”

“मी मागितली व्हती का? परकर-पोलक्यात व्हती तवापास्नं वळखतो पोरीला. आन् तुमी मला दाखला पाठिवता व्हय?” मग म्हणाले, “तिला द्या फोन.”

तिने फोन घेतला. पलीकडून ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. ती नुसती “व्हय चाचा”, “व्हय चाचा” म्हणत राहिली. दौंडशी बोलताना तिची भाषा अशी माहेरची व्हायची. फोन ठेवून ती कॉम्प्युटरसमोर बसली. एका लग्नपत्रिकेचं काम पूर्ण झालं होतं. तिने फ्लॉपी तपासली. अहवाल छापून आला. तो हातात धरून ती मला म्हणाली,

“आपण स्वच्छ आहोत, याचा दाखला मी रोज छापून द्यायचा?”

“अगं, आपण म्हणजे मशिन...”

“मला कळतं मशिन काय ते.”

तिने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि तो टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवला. फ्लॉपी तशीच, कागदाशिवाय, पाकिटात घातली. घेतलेली तेवढी कामं तिने पुरी केली. नवं काही घेतलं नाही. कुणी विचारलं तर डोळ्यांना त्रास होतो म्हणायची. हेडक्लार्कांच्या ॲसिडिटीसारखंच, असं माझ्या मनात यायचं.

चाचांनी तिला दौंडला येऊन छापखान्यात बसायला सांगितलं होतं. दोनदा निरोप पाठवला. ती गेली नाही. मला वाटलं, जाण्यायेण्याचा त्रास नको म्हणून. बऱ्याच दिवसांनी एकदा तिने आपणहून सांगितलं, “तिथं माझ्याकडं येणार होती माणसं. आपल्या घरी नाही.”

कॉम्प्युटरवर तिने एका जुन्या साडीचं कव्हर शिवून घातलं. दाराशेजारचा कागद कधी काढला ते मला कळलं नाही. डिंकाचा चौकोन तेवढा राहिला, पुढे रंगकामात तोही गेला.

काही वर्षांनी मुलगी कॉलेजला गेली आणि घरात नवं मशिन आणि इंटरनेट आलं. जोडणी करायला आलेला माणूस दारात थबकून म्हणाला, “काकू, बूट काढू का?” ती म्हणाली, “राहू द्या. आता कुणी काढत नाही.” आणि खरंच, तोवर कुठेच कुणी काढत नव्हतं. कारखान्यातसुद्धा नाही.

आता नुसत्या अँटिव्हायरसने भागत नव्हतं, फायरवॉलही लागायची, म्हणजे इंटरनेटच्या दारावर पहारा ठेवणारा प्रोग्राम. कारखान्यासाठी मी ती निवडलीच होती. घरासाठी पुन्हा कागद घेऊन बसलो. बायको समोर मेथी निवडत होती. तिने विचारलं नव्हतं, तरी मी सांगत होतो. तिला यातलं कळायचं, आणि मला तिच्याशी या विषयावर बोलायचं होतं.

“हा पहिला मशिनबरोबर फुकट येतो. पण हा बाहेरून आत येणारं तेवढंच अडवतो. दुसरा दोन्हीकडून बघतो. आपल्याकडून बाहेर काय जातं तेही तपासतो.”

तिचे हात थांबले. “आपल्याकडून जाणारंही?”

“हो. म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याच्या मशिनमध्ये काही जायला नको.”

बोलून झाल्यावर मला माझंच वाक्य ऐकू आलं.

तिने एक जुडी निवडून संपवली. देठं वर्तमानपत्रात गुंडाळली. मग उठता उठता म्हणाली, “तो ऑफिसात लावा. इथं नको.”

माझ्या कागदावर किंमत सोडली तर सगळ्या रकान्यांत दुसराच वरचढ होता. तोच बसवायला हवा, हे कुणीही सांगितलं असतं. मीही कारखान्यात सगळ्यांना तेच सांगत होतो. घरी मी पहिला चालू केला. मशिनने एकदा सूचना दिली की संरक्षण अपुरं आहे. ती खिडकी मी बंद केली, आणि पुन्हा दाखवू नकोस, या चौकोनात खूण केली.