अण्णाचा डावा कान

धारवाडचं घर आम्ही सोडलं तेव्हा आईच्या कपाळातून रक्त येत होतं आणि अण्णाच्या डाव्या कानातून.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. अप्पा सरकारी कचेरीत होते. बाहेर अगदी मवाळ, घरात मात्र बोलण्याआधी हात उठायचा. त्या सकाळी त्यांना सुट्टी होती. अण्णानं टेपवर इंग्रजी रॉकची कॅसेट लावली होती. कव्हरवर लोखंडाच्या भट्टीचं चित्र होतं, म्हणून आम्ही दोघं त्या बँडला ‘भट्टीवाले’च म्हणायचो. अप्पांनी आतून ओरडून ते बंद करायला सांगितलं, ते अण्णाला ऐकू गेलं नाही. अप्पा बाहेर आले आणि त्यांनी उजवा हात फिरवला.

अण्णा कपाटावर आदळला. आई मधे पडली, तर तिचे केस धरून त्यांनी तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. मी स्वयंपाकघरातून खलातला बत्ता आणला आणि त्यांच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अप्पा मटकन खाली बसले. “हात मोडलास गं माझा,” ते म्हणाले, रुसलेल्या पोरासारखे. टेपवरचा गायक अजून जीव तोडून किंचाळत होता. त्या घावाचं मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

“चला,” आई म्हणाली.

बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, “एनातरी अक्का?” काय झालं, अक्का?

“बिद्देरी,” आई म्हणाली. पडले. आणि पदर कपाळाला दाबून ती हुबळीपर्यंत ताठ बसून राहिली.

हुबळी म्हणजे काही परदेश नव्हे. पण जी माणसं आपल्याच जिल्ह्यात परागंदा झालीत त्यांना कळेल मी काय म्हणते ते. आई देशपांडे नगरात एका डॉक्टरांच्या घरी स्वयंपाकाला लागली. अण्णाला तारिहाळच्या एका कारखान्यात लेथवर काम मिळालं. तिथं सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे त्याला एका कानानं ऐकू येत नाही हे बराच काळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी नर्सिंग केलं आणि पुढं इंग्लंडला आले. आता इथं इमर्जन्सी वॉर्डात शिफ्टा करते. फुटलेले ओठ, पिरगळलेले खांदे घेऊन बायका येतात. विचारलं की म्हणतात, पडले. भाषा वेगळी, पण शब्द तोच. मी पडदा ओढून घेते आणि पुन्हा विचारते.

अण्णाचं आणि माझं बोलणं कधी पगारपाण्याचं नसतं, सर्दीखोकल्याचंही नसतं. आमचं सगळं बोलणं भट्टीवाल्यांसारख्या म्हाताऱ्या रॉक गाणाऱ्यांबद्दल. आम्ही कॉलेजात होतो तेव्हाच ते जुने झाले होते. आता सत्तरी ओलांडून बसलेत आणि तरी नवे अल्बम काढतायत! लोक म्हणतात, कशाला? घरी बसावं, नातवंडं खेळवावीत. मी म्हणते, ऐका तरी. भट्टीवाल्यांचा नवा अल्बम सुरू होतो तो पत्र्यावर दगड पडावेत तशा ड्रमनं. गायकाचा वरचा सूर गेलाय. पूर्वी तो त्या सुरावर सुरी फेकल्यासारखा जायचा. आता त्याच्या खाली येऊन थांबतो आणि गुरगुरतो, बांधलेल्या कुत्र्यासारखा. मला हे जास्त भयंकर वाटतं आणि जास्त खरंही. गिटारवाल्याची बोटं आखडलीत, म्हणून तो दहा सुरांच्या जागी एकच वाजवतो. पण तो एक असा हाणतो की बरगडीत बसतो. तरुणपणी यांचा राग उसना होता. आता तो त्यांचा स्वतःचा आहे.

अण्णाला हे पटत नाही. त्याचा जीव दुसऱ्या अल्बमवर. पांढऱ्या केसांची, सिगारेटनं घसा जाळून घेतलेली एक गायिका आहे, तिला तो ‘अक्का’ म्हणतो. तिचा नवा अल्बम म्हणजे नुसती कुजबुज आहे. मग शेवटून दुसऱ्या गाण्यात ती एकदाच किंचाळते आणि मागचे सगळे वाजवणारे तिच्यावर तुटून पडतात. “भट्टीवाले भिंतीला डोकं आपटतात,” अण्णा म्हणतो. “अक्का भिंत पाडते.” या वाक्यावरून आमचं आठवडाभर भांडण चाललं होतं.

एक गोष्ट मात्र ठरलेली. या मंडळींच्या दोन गिटारी असतात, एक उजव्या बाजूला, दुसरी डाव्या. हेडफोनवर डाव्या बाजूची अण्णाला कधीच मिळत नाही. म्हणून नवा अल्बम आला की मी हेडफोनचा फक्त डावा गोळा कानाला लावते, आणि मग फोनवर तो विचारतो, “शैले, तिकडं काय चाललंय सांग.” मी सांगते. इथं तो खालून चढतोय. इथं गप्प आहे, वाट बघतोय. आता मारला बघ. “हां, हां,” अण्णा म्हणतो, आणि खूश होतो.

गेल्या रजेत मी हुबळीला होते. अण्णानं आता छोटं घर बांधलंय, चांगले मोठे स्पीकर घेतलेत. रविवारी दुपारी आम्ही भट्टीवाले लावून बसलो होतो. आई तांदूळ निवडत होती. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि अप्पा उतरले. हातात पिशवी, काठी. मधल्या सगळ्या वर्षांत ते एकदाही आले नव्हते. सरळ आत आले, चपला न काढता.

“आता मी इथंच राहणार,” ते म्हणाले. “आणि बंद कर आधी ते.”

अण्णा कारखान्यात पोलाद कापतो. केस पिकलेत त्याचे. पण त्याचा हात आपोआप बटणाकडे गेला. तो हात गेलेला मी पाहिला.

आईनं ताट खाली ठेवलं. “आवाज वाढव रे,” ती म्हणाली.

अप्पांनी काठी उगारली. पहिला घाव स्पीकरवर बसला, जाळी आत गेली. दुसरा आईवर यायचा होता, पण तिनं काठी हवेतच धरली आणि सोडली नाही. अण्णानं मागून अप्पांची कॉलर धरून त्यांना ओढत पायरीवर नेलं. तिथं त्यांनी त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. अण्णानं झिडकारलं, तसे ते पायरीच्या कडेवर तोंडघशी पडले. भुवई फुटली. फरशीवर, धोतरावर, सगळीकडे रक्त. फुटका स्पीकर आत खरखरत गातच होता.

मी माझी औषधांची पेटी आणली. पायरीवरच त्यांच्यासमोर बसले, जखम धुतली, दाबून धरली, पट्ट्या लावल्या. त्यांची मान माझ्या हातात होती, कोंबडीसारखी हलकी.

“शैला, मला आत घे,” ते म्हणाले.

“अप्पा, डोकं हलवू नका.”

“मी बाप आहे तुझा.”

“हो,” मी म्हटलं. “टाके घालावे लागतील. रिक्षा दवाखान्यात नेईल.”

त्यांनी आईकडे पाहिलं. आई दारात उभी होती. “तिथून धारवाडला जावा,” ती म्हणाली. रागानं नाही, वाट सांगितल्यासारखं. मी कोपऱ्यावरून रिक्षा आणून त्यांना बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली. रिक्षावाल्यानं विचारलं, काय झालं. “मारामारी,” मी सांगितलं.

परत आले तर अण्णा हाताला फडकं गुंडाळून बसला होता. आई त्याच्या डाव्या बाजूला बसली, मग आठवण होऊन उठली आणि उजवीकडे आली. “जेवून घे,” ती त्याच्या कानाशी म्हणाली.

इथं इंग्लंडात लोक विचारतात, तुझं घर कुठलं? जन्म धारवाडचा, पासपोर्टवरही तेच छापलंय. मी हुबळी सांगते. तिथल्या एका दाराला त्या दुपारी आम्ही तिघांनी आतून कडी लावली, आणि बाहेरून कुणाच्याही हाकेनं ती काढली नाही.